भावोजींच्या दोन नळ्या

"काय भावोजी, वाजतेय का थंडी?"

रोज सकाळी कामावर आली, की बर्फाबाई आधी हे विचारायची. आणि विचारायची कोणाला, तर एका फ्रीजरला. दार उघडायची, पांढरा धूर अंगावर यायचा, तो हाताने बाजूला सारायची आणि खालून दुसऱ्या कप्प्याकडे बघून एवढं बोलून घ्यायची. मग दार लावून आपल्या कामाला लागायची. वेडी म्हणा हवं तर. पण त्या एका वाक्यावर तिचा अख्खा दिवस बरा जायचा.

संस्थेच्या तळघरात, खिडकी नसलेल्या एका लांबलचक खोलीत असे फ्रीजर रांगेने उभे होते, माणसाहून उंच, दिवसभर घूं घूं करणारे. त्यांच्या पोटात हजारो लोकांचं रक्त, थुंकी, नाकातला शेंबूड गोठवून ठेवलेला होता. हो, शेंबूडसुद्धा. नाकं मुरडू नका, लस काही हवेतून तयार होत नाही. लोकांनी हे सगळं आपणहून, एक पैसा न घेता दिलेलं होतं. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, नळीवर नुसता आकडा, नाव नाही. कधी नवी साथ आली, कधी जुनीच उलटली, की वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ त्यातल्या नळ्या मागवायचे. त्या शोधून द्यायच्या, परत आल्या की जागच्या जागी ठेवायच्या, दारांवर साचलेला बर्फ खरवडायचा आणि कुठल्या फ्रीजरने आवाज बदललाय का ते ऐकायचं, हे बर्फाबाईचं काम. भर उन्हाळ्यात ती जाडजूड स्वेटर आणि हातमोज्यांवर हातमोजे घालून फिरायची. तिचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाच माहीत असेल. बाकी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संस्थेच्या प्रमुख बाईंपर्यंत सगळ्यांची ती बर्फाबाई.

आता त्या कप्प्यातल्या भावोजींचं सांगते.

बर्फाबाईला एक मोठी बहीण होती. ताई. आई कामावर जायची तेव्हा हिच्या वेण्या ताईनेच घातल्या, आणि हिला नोकरी लागली तेव्हा सगळ्या गल्लीला ताईनेच ओरडून सांगितलं. ताईचा नवरा म्हणजे भावोजी. दिसायला देखणा, बोलायला गोड, चारचौघांत दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून हसणारा माणूस. घरी मात्र चहा गार झाला तर तोंड फिरवून बसणारा. त्यांना एक मुलगी होती, ठमी. ठमीला बोलायला यायच्या आधी मावशीच्या कडेवर बसायला यायचं.

तापाची मोठी साथ आली त्या वर्षी भावोजी मित्रांबरोबर बाहेरगावी फिरून आला. ताई फोनवर बोलत असताना मागे त्याचा खोकला बर्फाबाईने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. "अगं, धूळ गेलीय म्हणे घशात," ताई म्हणाली. "ये ना तू. कंटाळा आलाय मला." बर्फाबाई तेव्हा फ्रीजरवर नव्हती, वर नमुने घ्यायच्या खिडकीवर होती. काम सुटल्यावर ती तशीच, कपडेसुद्धा न बदलता, ताईकडे गेली. दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या. पुढच्याच आठवड्यात ताई तापाने फणफणली. भावोजी म्हणाला, "साधा ताप आहे, उतरेल." उतरला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. आणि तिथून ताई घरी आलीच नाही.

त्यानंतर माणसांनी भरलेल्या घरात भावोजीने बर्फाबाईकडे बोट दाखवलं. "हिनं आणलं! त्या रोगाच्या कारखान्यातून उठून तशीच आली माझ्या घरात. हिच्या कपड्यांवरून आलं. हिनं मारलं माझ्या बायकोला!"

बर्फाबाईने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली आणि पुटपुटली, "तू त्या दिवशी गेलीसच कशाला?"

बस. एवढंच. पण त्या दिवसापासून बर्फाबाई त्या घराला मेली. ठमीला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, तर भावोजीने शाळेत सांगून ठेवलं की या बाईला पोरीच्या जवळ येऊ देऊ नका. आई वारली तीसुद्धा पदराआडून बघत, बर्फाबाईने आणलेल्या पेल्यातलं पाणी न पिता. नातेवाईक कुठे भेटले तर हातभर लांबूनच हसायचे. केलंय काय हो तिने? बहिणीने बोलावलं म्हणून गेली होती ती!

आणि तो? तो खुशाल उजळ माथ्याने फिरत होता. दर वर्षी ताईच्या आठवणीला माणसं जमवायचा, डोळ्यांना रुमाल लावायचा आणि तीच कहाणी नव्याने सांगायचा. ती बातमी कानावर आली, की बर्फाबाई दातओठ खायची, त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडायची. रडण्याबिडण्याच्या ती केव्हाच पलीकडे गेली होती. तिला उट्टं काढायचं होतं. त्याला भरल्या घरात, तसंच बोट दाखवून, तसंच खाली बघायला लावायचं होतं. तिच्या जिवाला दुसरा ध्यासच उरला नव्हता.

आणि ते करायचं साधन तिच्या हाताशी होतं, तेही तिनेच ठेवलेलं. ताईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी संस्थेच्या माणसांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं होतं. ताईने धापा टाकत हो म्हटलं, भावोजीने चारचौघांसमोर मोठेपणाने हात पुढे केला, ठमीच्या वतीनेही त्यानेच सही केली. त्या संध्याकाळी माणसं कमी होती, म्हणून नळ्या खाली ठेवायला बर्फाबाईलाच पाठवलं. खालून दुसरा कप्पा. ताईच्या दोन, ठमीच्या दोन, भावोजीच्या दोन. आकडे काय, ते डोळ्यांत कोरले गेले ते गेलेच. माणसाच्या अंगात रोग शिरला, की रक्तात आधी एका जातीची प्रतिपिंडं येतात, तो जुना व्हायला लागला की दुसऱ्या जातीची. ताईच्या आधीपासून हा रोग अंगात घेऊन भावोजी फिरत असेल, तर ते त्याच्या नळीत आजही तसंच्या तसं गोठलेलं होतं. धूळ की ताप, ते ती नळी सांगणार होती.

एकदाच तिचा तोल गेला होता. कोणीतरी तिला त्याच्या भाषणाची चित्रफीत दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याची एक नळी मुठीत घेऊन वर मशीनवाल्याकडे निघाली. मशीनवाला म्हणजे रक्त तपासायचं यंत्र चालवणारा, स्वभावाने भोळासांब, तिने मागितलं असतं तर नाही म्हणाला नसता. पण जिन्यात, मुठीत ती नळी घाम फुटल्यासारखी ओली व्हायला लागली, आणि बर्फाबाई घाबरली. आल्या पावली परत फिरली, नळी जागेवर ठेवली आणि दार लावून तिथेच फरशीवर बसली. लोकांनी विश्वासाने दिलेल्या रक्ताशी असलं काही करायचं नसतं, असं तिने स्वतःला सांगितलं. खरंच होतं ते. पण घाबरली होती ती त्या गोष्टीला नाही. कशाला, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

वर्षं गेली. मग प्रमुख बाईंनी एक नवं काम काढलं. त्या साथीतल्या घराघरांतले नमुने तपासायचे, एकाच घरात रोग कोणाकडून कोणाकडे गेला ते पाहायचं, म्हणजे पुढच्या वेळी लस आधी कोणाला द्यायची ते ठरवता येईल. पण त्या वेळची मुलं आता मोठी झाली होती. आईबापांनी त्यांच्या वतीने दिलेला होकार आता चालणार नव्हता, त्यांना स्वतःला विचारायला हवं होतं. म्हणून घरं बोलावणं सुरू झालं. प्रमुख बाईंचा एक हट्ट होता: ज्याने रक्त दिलं त्याला ते कुठे ठेवलंय ते दाखवायचं. म्हणून प्रत्येक घराला खाली आणायचं, काचेपलीकडून फ्रीजर दाखवायचे, आणि माहिती सांगायची बर्फाबाईने. ती पोपटासारखी तेच तेच सांगून कंटाळून गेली होती.

त्या दिवशी ती काचेपाशी आली आणि बोलायचंच विसरली. समोर भावोजी. केस पांढरे, बाकी तोच. आणि त्याच्या शेजारी एक उंच तरुण मुलगी, ताईसारखीच एका पायावर भार देऊन उभी.

भावोजीचा चेहरा उतरला. "तू अजून इथेच?"

"कुठे जाणार, भावोजी," बर्फाबाई म्हणाली. "कामाला आहे मी इथे."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखलं तिने. पण म्हणाली काय, तर "नमस्कार, मॅडम." मॅडम! कडेवरून न उतरणारी पोर. बर्फाबाईने आवाज हलू दिला नाही. जे सगळ्यांना सांगायची तेच शब्दन् शब्द सांगितलं. रक्त कसं ठेवतात, कशासाठी वापरतात, निकालावर कोणाचं नाव नसतं पण स्वतःचा निकाल मागायचा हक्क प्रत्येकाला आहे, नमुना ठेवायचा नसेल तर तो काढून घ्यायचाही आहे.

"त्यातून कळतं काय काय?" भावोजीने विचारलं. मग घसा साफ केला. "म्हणजे घरात आधी कोणाला झालं, तेसुद्धा?"

"हो," बर्फाबाई म्हणाली. "तेसुद्धा."

देवाशपथ, तिने एक अक्षर जास्तीचं टाकलं नाही.

ठमी एकदम म्हणाली, "मग बरंच झालं की, बाबा! तुम्ही नेहमी सांगता ना, यांनी... मावशीने आणलं म्हणून. कळेलच की एकदाचं."

"काही गरज नाही," भावोजी म्हणाला. "आमचं काढून टाका. माझं, हिचं, हिच्या आईचं, सगळं."

"का?"

"जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे?"

"तुम्हीच तर दर वर्षी उकरता," ठमी म्हणाली.

काय बोलली पोर! बर्फाबाईने काचेला हात टेकला, नाहीतर तिने तिथेच टाळी वाजवली असती. भावोजीच्या कपाळावर घाम. त्या थंडगार खोलीच्या दारात! तो काहीबाही बोलायला लागला, रक्ताचा गैरवापर होतो, आजकाल कोणावर भरवसा नाही, मला आधी खोकला होता म्हणून काय झालं, तो धुळीचा होता.

"कोणी विचारलं तुम्हाला खोकल्याचं?" ठमीने हळूच विचारलं.

मग ती वळली. "माझं राहू दे, मावशी. आईचंही मी काढू देणार नाही. बाबांचं त्यांनी बघावं." आणि त्याची वाट न बघता जिना चढून गेली. त्याने सही केली आणि तिच्या मागे धावला. ती थांबली नाही, ते बर्फाबाईने खालून ऐकलं.

त्या दिवशी बर्फाबाईला जेवण गोड लागलं. तिने बोट दाखवलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता. त्याने स्वतःच्याच हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं होतं. घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती. बघ ताई, बघ, जिरली की नाही!

काढून घेतलेले नमुने लगेच नष्ट करत नसत. ते फ्रीजरच्या तळाशी एका लाल डब्यात ठेवायचे आणि शुक्रवारी सगळे एकदम वाफेच्या टाकीत टाकायचे. ती टाकी म्हणजे मोठा थोरला प्रेशर कुकरच. प्रमुख बाईंनी मधले दिवस मुद्दाम ठेवले होते, कारण लोक पुष्कळदा घरी जाऊन विचार बदलतात. तसा कोणी आला तर नळ्या डब्यातून परत जागेवर. बर्फाबाईने कितीतरी जणांच्या नळ्या अशा हसत हसत परत ठेवल्या होत्या.

शुक्रवारी तिने भावोजीच्या दोन्ही नळ्या टाकीत ठेवल्या, झाकण लावलं. साक्षीला दुसरं माणूस लागतं, तो मशीनवाला अजून चहा पीत होता, म्हणून बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात फाटकावरून फोन. कोणी गृहस्थ आलेत, भेटल्याशिवाय जात नाही म्हणतात.

ती वर गेली. दारात भावोजी. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात.

"टाकलंस का?" त्याने विचारलं. "टाकू नकोस. तपास. मला निकाल हवाय."

बर्फाबाईने हातमोजे काढले.

"ठमी बोलत नाही गं माझ्याशी. ताट घेऊन खोलीत जाते. काल कपाट आवरलं, जाणार म्हणते. मी काही बोललो की नुसती बघते." त्याने ती भलत्या काजातली गुंडी उगाच ओढली. "मला खरंच माहीत नाही. खोकला होता. धुळीचाच वाटला होता. आता रात्र रात्र तोच विचार येतो. तपास, तुझ्या पाया पडतो. मी निघालो तर सगळ्यांसमोर नाक घासतो तुझ्यापुढे. नाही निघालो तर निदान पोर तरी राहील माझी."

हे हवं होतं तिला! इतकी वर्षं, रोज सकाळी, हेच तर हवं होतं. तो समोर लाचार उभा, स्वतःच्या तोंडाने म्हणतोय की भरल्या घरात नाक घासतो, आणि तिने करायचं ते काय, तर खाली जाऊन एक झाकण उघडायचं.

नाही निघालो तर.

जिन्यात मुठीत ओली झालेली ती नळी तिला आठवली. आणि मग ती संध्याकाळ आठवली. दिवसभर खोकणाऱ्या लोकांसमोर बसून ती तशीच उठून गेली होती. ताई इतकी हसली होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते पुसलं होतं धाकट्या बहिणीच्या ओढणीला. चांगला खसाखसा पुसला होता चेहरा. हे बर्फाबाईने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. तो निघाला नाही, तर मग कोण?

ती भावोजीकडे बघत राहिली. बायकोला मारल्याचा संशय डोक्यावर घेऊन, पुरावा ना इकडचा ना तिकडचा, घरचेसुद्धा हातभर लांब. ही जागा तिच्या चांगल्याच ओळखीची होती. तिनेच इतकी वर्षं काढली होती तिथे. आता बसू दे याला. आणि मरेपर्यंत बसू दे.

"उशीर केलात, भावोजी," ती म्हणाली. "झालं सगळं."

तो पायरीवर मटकन बसला. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. खाली आली. मशीनवाला टाकीपाशी येऊन उभा होता.

"कोण होतं?"

"कोणी नाही," बर्फाबाई म्हणाली आणि बटण दाबलं. काटा चढत गेला. तो वरपर्यंत जाईस्तोवर ती तिथून हलली नाही.

ठमी खरंच घर सोडून गेली, आणि एका रविवारी पत्ता शोधत मावशीकडे आली. दारातच गळ्यात पडली. किती रडली, किती बोलली! नातेवाइकांत बोभाटा झाला होता. जे लांबून हसायचे ते आता फोन करून म्हणायचे, आम्हाला कधी खरं वाटलंच नव्हतं हो. बर्फाबाईने एकेकाला असं सुनावलं की पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही. भावोजीकडे आता कोणी जात नव्हतं. त्या वर्षी त्याने माणसं जमवली नाहीत. खोकला आला तरी तो तोंड दाबून खोकतो म्हणे. ऐकून बर्फाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

रोज सकाळी फ्रीजर उघडल्यावर मात्र तोंड उघडता उघडता ती थांबायची. खालून दुसऱ्या कप्प्यात दोन खाचा रिकाम्या होत्या, आणि शेजारी ताईच्या नळ्या होत्या. ताईला काय विचारायचं, ते तिला सुचत नव्हतं.

ठमी दर रविवारी यायला लागली. एकदा ओट्याशी उभी राहून मावशीचं चहा करणं बघत होती. मावशी काहीतरी गमतीचं बोलली, ठमीला हसता हसता ठसका लागला, आणि तिने सरळ मावशीच्या ओढणीचं टोक ओढून डोळे पुसले. बर्फाबाईचा हात थबकला.

"मावशी," ठमी म्हणाली, "बाबा त्या शुक्रवारी आले होते ना तुझ्याकडे? तपासा म्हणायला? खरंच उशीर झाला होता का गं?"

"हो गं," बर्फाबाई म्हणाली. "झालाच होता."

आणि तिने चहा गाळायला घेतला.